भिंतीला फुटला पाझर

कुणाच्या घरी गेलात आणि भिंतीवरची तसबीर गुडघ्याच्या उंचीला लावलेली दिसली, किंवा वारली चित्राची चौकट छताला टेकून कोपऱ्यात रुसून बसलेली दिसली, तर कलेबद्दल काही बोलू नका. तिथे ओल आहे. मुंबई-ठाण्याकडच्या घरांत सजावटीचे निर्णय गृहिणी घेत नाही आणि इंटिरियरवालाही घेत नाही. ते पाणी घेतं. सोफा खिडकीपासून हातभर लांब का सरकला, गेल्या वर्षीचं कॅलेंडर यंदाच्या कॅलेंडरशेजारी अजून का लटकतंय, बाबांचा सत्काराचा फोटो एकदम बेडरूममध्ये का गेला, या सगळ्याचं उत्तर प्लास्टरच्या मागे असतं.

'आमच्याकडे ओल आहे' हे वाक्य मराठी माणूस सहजासहजी उच्चारत नाही. शुगर किती आहे ते तो लिफ्टमध्ये सांगतो. गुडघ्याचा एक्स-रे तर मोबाइलमध्ये घेऊनच फिरतो. पण भिंतीचा विषय निघाला की आवाज खाली येतो. वीस वर्षं हप्ते फेडलेली वस्तू पाझरते आहे, हे चारचौघांत कसं सांगणार? शिवाय आपण सांगितलं की फ्लॅटचा भाव पडेल, अशी सोसायटीतल्या प्रत्येकाला भीती. त्यामुळे आख्ख्या इमारतीला ओल असली, तरी ती जो तो खासगीत सोसत असतो.

एकदा मात्र विषय फुटला की जाणकारांना तोटा नाही. पाहुणा आधी बोटाच्या पेरांनी भिंत वाजवतो, कान लावतो आणि म्हणतो, "पोकळ वाजतंय." त्याचा मेहुणा वॉटरप्रूफिंगमध्ये असतो. प्रत्येकाचा कुणी ना कुणी वॉटरप्रूफिंगमध्ये असतोच, आणि त्याच्या घरीही गळत असतं.

मग वरच्या मजल्यावर जाण्याचा प्रसंग येतो.

"काकू, आमच्या बेडरूमच्या छताला ओल आलीय. बरोबर तुमच्या बाथरूमखाली."

"अगंबाई, आमच्या? अहो, मागच्याच दिवाळीत सगळ्या टाइल्स बदलल्यात आम्ही. इतकं कोरडं असतं ना, पाय ठेवायला जीव होत नाही!"

टाइल्स बदलल्या हे ऐकलं की अनुभवी प्लंबरच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. टाइल्सखाली ब्रिकबॅट कोबा असतो, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर. जुन्या टाइल्स काढताना हातोडा त्याच्यावरच चालतो. वरचं चकचकीत होतं आणि खालचं तडकतं. हे काकूंना सांगायची हिंमत प्लंबरात नसते, माझ्यातही नाही. सोसायट्यांच्या उपविधींत जबाबदारी स्वच्छ वाटून दिलेली आहे: पावसाची, गच्चीची आणि सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, घरातल्या संडास-बाथरूमची आणि सिंकची ज्याची त्याने. पाण्याने मात्र उपविधी वाचलेले नसतात. ते वरच्या कोपऱ्यात शिरतं, स्लॅबमधल्या सळईच्या कडेकडेने किंवा वायरिंगच्या पाइपातून चालत जातं आणि भलत्याच खोलीत पंख्याच्या हुकाशी प्रकट होतं. मग बाथरूमची जाळी बंद करायची, रंग घातलेलं पाणी दोन दिवस तुंबवायचं आणि रंग कुठे निघतो ते पाहायचं. तो दिसेपर्यंत दोन्ही घरांचं बोलणं बंद झालेलं असतं, आणि दिसल्यावर तर विचारूच नका.

या सगळ्यावर आपल्याकडे एकच रामबाण उपाय आहे: रंग. गणपती तोंडावर आले, भिंतीचे पोपडे निघालेत, बोलाव रंगारी. रंगारी येतो, पत्रीने पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो. "साहेब, डॅम्पप्रूफ मटेरियल आहे. दहा वर्षं बघायला नको," असं सांगतो. आपण खरंच बघत नाही, कारण त्या जागी लगेच कपाट लावून टाकतो. भर पावसाळ्यात पाणी प्यायलेल्या भिंतीवर रंगाचा घट्ट पापुद्रा चढवला की आतलं पाणी आतच कोंडतं. ते विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवत पृष्ठभागाकडे येतं, तिथे सुकतं आणि क्षार मागे ठेवतं. हा पांढरा भुरका म्हणजे लोणा. हे क्षार फुगले की पुट्टी ढकलून देतात, म्हणून रंगाला आधी फोड येतात आणि मग तो पापडासारखा सुटतो. तळमजल्याला हेच पाणी जमिनीतून वर चढतं. पूर्वी जोत्यावर ओलरोधक थर घालायची रीत होती. तो घातलाय की नाही हे घर घेताना कुणी विचारत नाही. मॉड्युलर किचनबद्दल मात्र प्रश्न असतात.

अकरा महिन्यांच्या भाडेकरारात तर हे सगळं नाट्य हिशेबाने बसवलेलं असतं. रंग ऑक्टोबरात, घर दाखवणं नोव्हेंबरात आणि भिंतीचा खरा स्वभाव कळतो जुलैत. जुने लोक मुलगी बघायला न सांगता जायचे म्हणतात. ती चाल मुलीच्या बाबतीत गेली ते फारच चांगलं झालं, पण घराच्या बाबतीत ती राहायला हवी होती. घर बघायचं तर आषाढात बघावं, कपाटामागे डोकं घालून.

कपाटामागे जे असतं ते जवळून बघण्यासारखं असतं. आमच्याकडे खिळ्याला एक चामड्याचा पट्टा टांगलेला असायचा. ऑगस्टमध्ये त्यावर करडी-हिरवी लव आली. तिरप्या टॉर्चमध्ये ती अगदी मखमलीसारखी दिसत होती, जिथे बोटांचा घाम नेहमी लागायचा त्या भोकांभोवती जास्त दाट. फुंकर मारली तसा धूर उठल्यासारखी भुकटी उडाली. फुंकर मारू नये, हे मी आता सगळ्यांना सांगतो. ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. ते हवेत बाराही महिने असतात, तुमच्या घरात असतात आणि राष्ट्रपती भवनातही असतील. त्यांना खायला काहीही चालतं: चामडं, कागद, पुस्तकाच्या बांधणीतली खळ, प्लायवूड, भिंतीवर बसलेली साधी धूळ. अडतं फक्त पाण्याशी. भिंतीलगतची हवा पाऊणशे-ऐंशी टक्के दमट राहू लागली की त्यांचा संसार सुरू होतो, आणि पावसाळ्यातल्या मुंबईत हा आकडा गाठायला भिंतीला काही विशेष करावं लागत नाही. वर आपण घरातच दोऱ्या बांधून जीन्स वाळत घालतो, खिडक्या लावून घेतो आणि त्याच बंद खोलीत कुकरच्या शिट्ट्या करतो.

वासाचंही तसंच. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो त्यावर आपल्याकडे कविता केल्या नाहीत असा कवी नसेल. त्या वासामागे जिओस्मिन नावाचा पदार्थ असतो, मातीतले सूक्ष्मजीव तो तयार करतात आणि माणसाचं नाक तो अतिशय कमी प्रमाणातही ओळखतं. ओलसर घरांच्या कुबट वासातही हाच पदार्थ सापडतो. म्हणजे अंगणात आला तर मृद्गंध आणि शालूच्या कप्प्यातून आला तर "शी, कसला वास येतोय!" डांबराच्या गोळ्या टाकून त्यावर इलाज होत नाही. त्या कसरीसाठी, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही. मग शालूला दोन्ही वास येतात.

मला कोडं पडतं ते स्वयंपाकघराचं. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालणं हा मराठी घरात जवळपास फौजदारी गुन्हा आहे. बरणी उन्हात वाळवायची, दादरा बांधायचा, काढणारीने हात कोरडे करून मग झाकण उघडायचं. पापडाच्या डब्यात ओलावा गेला तर तीन पिढ्यांचा उद्धार होतो. ब्रेडवर हिरवा ठिपका दिसला की सबंध पुडा केराच्या टोपलीत. आणि हीच माणसं, छताला हातभर काळे ठिपके असलेल्या खोलीत मुलाचा पलंग त्याच भिंतीला लावून त्याला "शांत झोप हं" म्हणतात. लोणचं आपण जेवताना चमचाभर खातो. हवा दिवसभरात हजारो लिटर आत घेतो.

पावसाळ्यात मूल खोकायला लागलं की घरातला तपास ठरावीक क्रमाने चालतो. पहिला आरोपी दही. दुसरा केळं. मग पेरू, मग फ्रिजचं पाणी, शाळेतली कुणाची तरी सर्दी आणि शेवटी सुनेचं माहेर, कारण तिकडचे सगळेच जरा नाजूक. केळं बंद होतं, दही बंद होतं, हळद-दूध सुरू होतं. पंधरा दिवस मामाकडे राहिलं की खोकला थांबतो. श्रेय मामीच्या काढ्याला मिळतं. घरी परत आलं की पुन्हा ढास लागते. भिंत या आरोपींच्या यादीत कधी नसतेच. डॉक्टरांनी "घरात ओल आहे का?" असं विचारलं तरी उत्तर ठरलेलं: "नाही, नाही! थोडीशी आहे, पण ती हॉलमध्ये."

जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरातल्या ओल आणि बुरशीवर एक जाडजूड मार्गदर्शिका काढली. तिचा निष्कर्ष सरळ आहे: ओलसर, बुरशीच्या घरांत राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा बळावण्याचा धोका जास्त असतो. बुरशीच्या बीजाणूंनी काहींना शिंका, चोंदलेलं नाक आणि डोळ्यांची खाज सुरू होते. त्याच दमटपणात गादी-उशीतले धुळीचे सूक्ष्म किडेही पोसले जातात आणि ॲलर्जीत भर घालतात. दमेकऱ्यांपैकी काहींच्या फुप्फुसात ॲस्परजिलस नावाची बुरशी कायमचं दुखणं करून ठेवते. हे सगळ्यांना होत नाही, हीच यातली अडचण. त्याच खोलीत आजोबा ऐंशी वर्षांचे ठणठणीत असतात आणि "आम्हाला नाही काही झालं ते" म्हणून विषय संपवतात.

दमा आणि घरातली बुरशी यांच्यावरून एक गोष्ट आठवते. 1928 साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशीत बुरशी पडली आणि पेनिसिलिन सापडलं, हे आपण शाळेत शिकलो. ती बुरशी उघड्या खिडकीतून आली असं बाईंनी सांगितलं होतं. पण जाणकारांचं मत वेगळं आहे. फ्लेमिंग यांच्या खालच्या मजल्यावर ला टूश नावाचे बुरशीतज्ज्ञ बसत. त्यांचं काम काय, तर दमेकऱ्यांच्या घरांतल्या बुरश्या गोळा करून वाढवणं, कारण त्या घरांमुळेच दमा होत असावा अशी तिथल्या ॲलर्जीच्या डॉक्टरांना शंका होती. त्यातलाच एखादा बीजाणू जिन्याने वर गेला असावा, असं मानतात. खालच्या मजल्यावरून वर झालेल्या गळतीचं एवढं एकच उदाहरण माझ्या माहितीत आहे. त्या बशीपासून सुरू झालेल्या औषधासाठी 1954 साली आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. पोलादी टाक्यांत बुरशी मुद्दाम वाढवून माणसं वाचवण्याचं काम तिथे झालं. तेव्हा बुरशीबद्दल माझ्या मनात आकस नाही. तिने टाकीत राहावं, एवढंच म्हणणं.

विदर्भातल्या वाचकांना आतापर्यंत हसू येत असेल. नागपूरकडे मे महिन्यात ओल शोधायला दुर्बीण लागेल. पण आभाळातून नाही आली तर ओल विकत आणण्याची सोय तिथेही आहे. तिला कूलर म्हणतात. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्या सतत भिजत्या ठेवायच्या, खाली टाकीत तेच पाणी फिरत ठेवायचं आणि मागच्या पंख्याने ती हवा थेट झोपलेल्याच्या छातीवर सोडायची. गारवा सुखाचा, यात वाद नाही. पण गेल्या वर्षीच्याच ताट्या, तळाशी बुळबुळीत शेवाळ आणि पाणी फक्त वरून भरलेलं, अशा कूलरातून जे उडतं ते निव्वळ गार वारं नसतं. भारतातल्या 19 शहरांतल्या फुप्फुसविकारांच्या रुग्णांच्या नोंदींचा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसांच्या जाळीला सूज आणणाऱ्या आजारांत सर्वांत जास्त रुग्ण निघाले ते श्वासातून गेलेल्या असल्याच कणांवर शरीर चवताळल्याने आजारी पडलेले. त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांच्या घरी कूलर होता. उसाच्या पट्ट्यातही हीच जातकुळी आहे: साठवून कुजलेल्या चिपाडांच्या धुळीने होणाऱ्या आजाराला बगॅसोसिस असं नावच आहे. ताट्या दर उन्हाळ्याला बदला आणि टाकी आठवड्याला रिकामी करून घासा. यापेक्षा वेगळा सल्ला मलाही सुचत नाही.

एक गैरसमज मात्र काढायला हवा. 2021 च्या कोविडनंतर 'काळी बुरशी' या नावाने महाराष्ट्र हादरला होता. तेव्हापासून भिंतीवर काळा ठिपका दिसला की काही जण थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धावतात. तो आजार म्युकरमायकोसिस, तो करणारी बुरशी निराळी, आणि मुख्यतः अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइड्सनी प्रतिकारशक्ती खचलेल्यांना तो गाठत होता. भिंतीवरची काळी बुरशी बहुधा दुसरीच असते. तिच्यामुळे असं काही होत नाही म्हणून तिला घरात ठेवावं, असा मात्र याचा अर्थ नाही.

ओल हा गरिबाचा दोष ठरवण्याची पद्धत सगळीकडे सारखी आहे. इंग्लंडात रॉचडेल इथे डिसेंबर 2020 मध्ये एक दोन वर्षांचा मुलगा गेला. घर भाड्याचं, सामाजिक गृहसंस्थेचं, आणि भिंती बुरशीने भरलेल्या. आईवडिलांनी तक्रारी केल्या होत्या. त्यांना बुरशीवर रंग मारण्याचा सल्ला मिळाला होता. मृत्यूचं कारण ही बुरशीच, असा निर्वाळा तिथल्या चौकशी अधिकाऱ्याने 2022 मध्ये दिला. त्या मुलाच्या नावाने आता तिथे कायदा आहे, आणि ओल-बुरशीची तक्रार ठरावीक मुदतीत तपासून दुरुस्त करणं अशा घरमालकांवर बंधनकारक झालं आहे. 'तुमची राहणीच तशी, तुम्ही खिडक्या उघडत नाही,' हे उत्तर तिथेही दिलं जायचं. आपल्याकडेही बिल्डर हेच सांगतो. खिडकी उघडावी तर समोरच्या इमारतीतल्या माणसाच्या ताटात काय वाढलंय ते दिसतं, मग कोण उघडेल? प्लेगनंतर स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या जे. पी. ऑर यांनी 1912 च्या सुमारास साडेत्रेसष्ट अंशांचा नियम मांडला होता: इमारत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मं अंतर समोर मोकळं, म्हणजे तळमजल्यालाही उजेड-वारा पोचेल. मुंबईत पुनर्वसनासाठी बांधलेल्या काही वसाहतींत सात मजली इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर आहे. तिथल्या बाईला व्हेंटिलेशनवर व्याख्यान देणाऱ्याने आधी तिच्या तळमजल्यावर एक श्रावण काढावा.

कोकणातली जुनी घरं आठवून गळा काढणं सोपं आहे. तिथे धो धो पाऊस, तरी मधलं घर कोरडं असायचं. त्यामागे जादू नव्हती. जोतं उंच. छप्पर भिंतीच्या पुष्कळ पुढे आलेलं. पावसाची झड ज्या अंगाने येते त्या बाजूला झावळ्या बांधलेल्या. आणि घराला वेढून पडवी, जिने पाऊस आपल्या अंगावर घ्यायचा आणि माजघराच्या भिंतीला कळूही द्यायचं नाही. भिंतीला चुना, जो वाफ बाहेर जाऊ देतो आणि ज्याच्या तिखट अल्कधर्मी अंगावर बुरशी सहसा टिकत नाही. आता आपण फ्लॅटमध्ये गेल्यावर पहिलं काम काय करतो? बाल्कनी आत घेतो. म्हणजे होती नव्हती ती पडवीही खोलीत जमा करतो, पावसाला सरळ बेडरूमच्या भिंतीशी भेटवतो, वरून काचेच्या सरकत्या खिडक्या लावतो आणि मग ओल कुठून आली म्हणून काकूंच्या बाथरूमवर संशय घेतो. हे सांगतानाच दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या जुन्या घरांतला माळा कोरडा राही तो बराचसा चुलीच्या धुरामुळे, आणि तो धूर आजीच्या छातीत जन्मभर बसलेला असे. तेव्हा चूल परत आणा असं कुणी म्हणू नये.

करण्यासारख्या गोष्टी फार नाहीत. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. कपडे शक्य तर बाहेर, नाहीतर पंखा लावून आणि खिडकीला फट ठेवून वाळवा. बाथरूमचा एक्झॉस्ट अंघोळीनंतरही थोडा वेळ चालू ठेवा. बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका. तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा, आणि घरात दमेकरी असेल तर हे काम त्याला लावू नका. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन सुटतो. पुसलेली बुरशी पंधरा दिवसांत परत आली तर दोष फडक्याचा नाही, पाणी अजून येतंय. ते पाणी बाहेरून येत असेल तर आतून लावलेला कुठलाही रंग हा निव्वळ दानधर्म आहे.

आणि हे सगळं बाहेरून दुरुस्त करायचं तर भिंत आधी सुकलेली हवी, म्हणजे काम मार्च ते मे. मृग 7 जूनच्या आसपास लागतो, सोसायटीची मीटिंग जूनच्या शेवटच्या रविवारी ठरते, आणि चांगला गवंडी फेब्रुवारीतच दुसऱ्या कुणाचा तरी झालेला असतो. त्याचा नंबर तुमच्याकडे असेल तर आजच फोन करा. नसेल तर वरच्या काकूंकडे मागा. टाइल्स बसवणारा त्यांचा माणूस सोडून.